शाळेचा रेडिओ कोण ऐकतं?

नववीतल्या लेकीला, ईश्वरीला, शाळेतून काढतील, या काळजीने मृदुलाला रात्रभर झोप लागली नाही. शाळेच्या रेडिओवर भाषण संपवून संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब शेजारच्याला म्हणाले होते, "हा रेडिओ कुत्रंही ऐकत नाही." ईश्वरी माइक बंद करायला विसरली होती, त्यामुळे ते वाक्य वर्गावर्गात पोचलं.

सकाळी रेडिओवरची प्रार्थना संपताच रेडिओच्या खोलीत भाऊसाहेब मायलेकींवर कडाडले, "साऱ्या शाळेत माझं हसं झालं. आजपासून रेडिओ बंद."

मृदुला माफीची वाक्यं घोकून आली होती, पण ऐनवेळी एकही आठवेना. ईश्वरीनेच शांतपणे विचारलं, "सर, बंद कशासाठी करायचा? कोणी ऐकत नाही म्हणून, की सगळ्यांनी ऐकलं म्हणून?"

मुख्याध्यापिकाबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. भाऊसाहेब जायला वळले. मग म्हणाले, "बरं, चालू दे. पण माइककडे लक्ष ठेव."

ते आणि बाई निघून गेल्यावर मृदुलाचा जीव भांड्यात पडला. "सुटलो बाई," ती म्हणाली. "पुरीसारखा फुगला होता मेला."

शेजारच्या वर्गात हशा उसळला. ईश्वरीने बटणाकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, हळू. माइक अजून चालूच आहे."