येसूचा पाट

गावी परतताना वाटलं होतं, आता शिकलेल्या नजरेने घरोघरी देवदारीच्या लाकडाचं नाजूक कोरीव काम बघायला मिळेल. दूर शहरात पाच वर्षं फर्निचर बनवायला शिकत असताना आमच्या मांडवसरच्या त्या लालसर, सुगंधी लाकडाबद्दल मी वर्गात अभिमानाने सांगत असे. घरी होता तो लहानपणापासूनचा एक जाडजूड पाट. वरून गुळगुळीत, खालून करवतीचे ओरखडे तसेच. अर्धवट राहिलेलं काम समजून मी पहिल्याच दुपारी घासायचं मशीन लावलं आणि त्याची खालची बाजू घासून लख्ख केली.

परसात वादळाने पडलेलं देवदारीचं झाड होतं. ते तालुक्याच्या लाकूड-गिरणीत कापून आणायला टेम्पो ठरवला होता. झाड बघायला गावातले सगळ्यात म्हातारे सुतार, बाबली मेस्त्री आले. आईने बसायला तोच पाट दिला. त्यांनी सवयीने खालून हात फिरवला आणि उभेच राहिले.

"बाय, आता येसूआजीक तुमचा घर कसा गावतला?"

कोण येसूआजी, असं मी विचारलं, तेव्हा ते मला देवळामागच्या करवतीच्या खड्ड्यापाशी घेऊन गेले. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवतात. एकजण वर उभा राहतो, दुसरा खाली, आणि दोघे मिळून मोठी करवत ओढतात. कापताना सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो.

तिथे उभं राहून मेस्त्रींनी मला येसूची गोष्ट सांगितली. असं सांगतात की, एका साली पुराने गावातली सगळी घरं नेली. लेकरं ओल्या जमिनीवर निजून तापाने फणफणू लागली. त्याच पुरात देवराईतली जुनी देवदारी उन्मळून पडली. गावाने देवीला कौल लावला. लाकूड मिळालं, पण एका अटीवर: कापणाऱ्याच्या घरात त्याची ढलपीही जायची नाही. करवतकाम करणारे एकेक करून मागे फिरले. तेव्हा येसू नावाची बाई नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही वर ऱ्हवा, मी खाली उतरतंय." चाळीस दिवस दोघांनी फळ्या कापल्या. घरोघरी बाजा झाल्या, पाट झाले. लेकरं कोरड्यावर निजली आणि ताप उतरले. येसूची नजर मात्र भुशाने गेली, म्हणे.

पाट तिच्या घरी नेता येईना. मग गावानेच प्रत्येक घरातला एक पाट तिचा ठरवला. ती रोज एका घरी जेवायला जाई. बसण्याआधी खालून हात फिरवी आणि त्या पाटावरचे स्वतःच्या करवतीचे वेगळे ओरखडे ओळखून त्या घराचं नाव घेई. तिची बोटं कधी चुकली नाहीत, असं म्हणतात.

आजही मांडवसरात घरच्या पहिल्या पाटाला खालून रंधा लावत नाहीत. तो कापताना घरचंच माणूस खड्ड्यात उतरतं, आणि दारी आलेल्याला आधी त्यावर बसवतात.

मी मान खाली घालून ऐकत होते. ज्या पाटावर बसून मी लहानपणी जेवले, तो कुणाचा हे मला एवढं शिकूनही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि मेस्त्रींच्या दारात गेले.

"वर कोण उभं राहील?" मी विचारलं.

"माझे हात आसत अजून. तुका शाळेत खड्ड्यात उतरूक शिकवल्यानी काय?"

"नाही."

"मगे डोळ्यांक फडका बांध," ते म्हणाले, आणि करवत खांद्यावर घेऊन पुढे चालू लागले.