गाडीचा नारळ

“पण बुवा, माझं चुकलं कुठं?”

मठाच्या ओट्यावर बसून आनंदबुवा समोरचा बैलबाजार बघत होते. उन्हं कलली होती. सोनेरी धुळीतून घुंगरांचा आवाज येत होता, झोपेत ऐकू यावा तसा.

श्रीरंग घोलप मार्केट यार्डातला अडत्या. भाव पाडण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे सांगायला त्याला दुसरा माणूस लागत नसे. आज मात्र स्वारी गाड्यांच्या शोरूममधून हात हलवत परत आली होती.

“विजेची गाडी, बुवा. आवाज नाही, धूर नाही... चालवून बघितली, तर तळ्यावरून होडी चाललीय असं वाटलं. मी अजून त्यातच बसलोय.”

“मग आधी खाली उतर.”

श्रीरंगला हसू आलं नाही.

“आईला डिझेलच्या वासानं मळमळतं. माहेर सुटलंय तिचं. उद्या दसरा, तिनं बोचकंसुद्धा बांधून ठेवलंय. आणि तो शोरूमचा पोरगा काही केल्या खाली येईना! वर विमा आमचाच घ्या, सीट कव्हरं आमचीच घ्या. गोड हसतो नि चहा पाजतो.”

“त्या पिशवीत काय आहे?”

“गाडीच्या पूजेचा हार, नारळ. दसऱ्याला फुलं महागतात, म्हणून आज सकाळीच घासाघीस करून घेतली.”

“शोरूममध्ये होती पिशवी?”

“हो. हातातच होती.”

बुवांनी बाजारातल्या एका खिलार बैलाकडं बोट केलं. त्याची पाठ गुलालानं माखली होती.

“त्याचा भाव विचारून ये.”

आता श्रीरंग हसला. “गुलाल पडलाय, बुवा. सौदा झाला त्याचा. आता कसला भाव?”

बुवांनी पिशवीतला हार काढला आणि श्रीरंगच्या गळ्यात घातला.

निशिगंधाचा गार वास आला. श्रीरंगचं हसू ओठांवरच राहिलं. शोरूमचं दार उघडताना त्या पोरानं आधी पिशवीकडं बघितलं होतं, मग त्याच्याकडं. त्याला भयंकर लाज वाटली.

एकेक बैल धुळीत विरत गेला.

“आणि उद्याचा मुहूर्त हुकला तर...? आईला काय सांगू?”

बुवांनी नारळ उचलला आणि पायरीवर आपटला. पाणी दगडावरून ओघळलं.

“अहो बुवा! तो गाडीचा नारळ होता!”

“होता.”

त्यांनी एक कवड श्रीरंगच्या हातात ठेवली.

“ही आईला दे. आता जा, भाव कर.”