शार्दूलचा हातगुण

"पण सर, हातगुण म्हणून काही असतं की नसतं?"

शार्दूल टेकाळेने दारातूनच विचारलं. बूट पायात, कोटावर बर्फ. नमस्कार-चमत्कार काही नाही.

हेरलेकर सर पिठल्याची फोडणी करत होते. त्यांनी हिंग टाकला, झाकण ठेवलं आणि मग वळून पाहिलं.

"आधी बूट काढ," ते म्हणाले.

नॉर्वेतल्या या बंदराच्या गावात सरांचा जन्म गेला. समुद्रातल्या जिवाणूंवर काम करता करता ते निवृत्त झाले. विद्यापीठाने प्रेमाने कोपऱ्यात एक टेबल ठेवलंय, तिथे ते सकाळी तासभर बसतात. आम्ही शिकायला आलेली मराठी मुलं शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जेवतो. ज्याचा प्रयोग अडतो तो जरा लवकर जातो. सर पोटभर वाढतात, पण सल्ला म्हणून देत नाहीत. आमची त्यांच्याविषयी तेवढीच तक्रार आहे.

शार्दूल अंबाजोगाईचा. हुशार, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणालाच पटलेलं नव्हतं. पीएचडीसाठी आला आणि इथल्या थंडगार समुद्राच्या पाण्यातून त्याने एक जिवाणू वेगळा काढला. काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवला की तो सुरेख नारिंगी रंग द्यायचा. इतक्या थंडीत असा रंग त्याच्या लॅबमध्ये कोणी पाहिला नव्हता. पेपर लिहून तयार होता.

पण त्या लॅबचा एक नियम होता. पेपर पाठवण्याआधी तोच प्रयोग दुसऱ्याने करून बघायचा, तोही नुसती लिहिलेली कृती वाचून. मूळ करणाऱ्याने शेजारी उभंसुद्धा राहायचं नाही. काम मार्ताकडे आलं. मार्ता पोलंडची, शार्दूलच्याच वर्षाची, शांत मुलगी. तिने सगळं नीट केलं आणि तिचा फ्लास्क दुधाळ राहिला. पुन्हा केलं, पुन्हा दुधाळ.

"आज इंग्रिड मॅडम म्हणाल्या," शार्दूल खुर्चीत बसत म्हणाला, "या खेपेलाही नाही आलं तर हा विषय सोडून देऊ. दुसरं काहीतरी घे."

इंग्रिड लॅबच्या प्रमुख; तिथे सगळे प्रमुखांना नावाने हाक मारतात. शार्दूलच्या तोंडून 'मॅडम' काही सुटत नाही.

"रागावून म्हणाल्या?"

"नाही ना! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लई प्रेमानं म्हणाल्या. म्हणजे मी खोटं बोलतोय असंच ना सर?"

"तसं म्हणाल्या का?"

"म्हणाल्या नाहीत. पण मला कळतं ना."

सरांनी पिठलं ढवळलं.

"तुझा रंग येतो?"

"दर वेळी. आजपण आला."

"आणि तिचा?"

"येत नाही. येणारपण नाही. तिला हात नाही सर." शार्दूल पुढे सरकला. "आमच्या मावशीनं लोणचं घातलं की बरणी वर्षभर बघायला लागत नाही. त्याच कैऱ्या, तेच मीठ, पण काकूनं घातलं की बुरशी. हातगुण असतो तो. पण हे या लोकांना सांगायचं कसं?"

मी कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते. मला हसू आवरलं नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा काकडीत डोकं घातलं.

"कृती सगळी लिहिलीयेस?" सरांनी विचारलं.

"सगळी. मीठ किती, तापमान किती, हलवायचं किती. पान न् पान तपासलंय."

"काही राहिलं नाही?"

"सर, मी काय शाळेतला पोरगा आहे का?"

सरांनी शेगडी बारीक केली.

मग म्हणाले, "जरा पाणी दे बरं."

शार्दूलला ते आवडलं नाही. माणूस आपलं दुःख घेऊन आलाय आणि याला पाण्याचं पडलंय. पण मुलगा घरंदाज. उठला. भांडी धुण्याच्या मशीनमधून निघालेले पेले मांडणीवर लखलखत होते. त्यातला एक घेतला, पाणी भरलं आणि दिला.

सरांनी पेला हातात घेतला, बघितला आणि सगळं पाणी मोरीत ओतलं.

"पाणी दे."

"सर?"

"दे ना."

शार्दूलने दुसरा पेला भरून दिला. सरांनी तोही ओतला.

आता मीसुद्धा काकडी सोडून बघायला लागले. सरांचं वय झालंय, असं मनात आलं, आणि वाईट वाटलं.

"काय चुकलं?" शार्दूलने विचारलं. आवाज चिडका होता.

"काही नाही. आता मी मार्ता. मला काहीच येत नाही. तू म्हणशील तेवढंच करणार. सांग, पाणी कसं द्यायचं?"

"सर, हे काय..."

"सांग."

शार्दूलने सुस्कारा सोडला. "पेला घ्या."

सरांनी तिसरा पेला घेतला.

"नळ सोडा. भरा. बास. आता द्या."

सरांनी पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

शार्दूलने हात पुढे केला, पण पेला घेतला नाही. "अहो सर, विसळला कुठं तुम्ही?"

"तू कुठे सांगितलंस?"

"ते काय सांगायचं असतं? ते तर आपण..."

तो थांबला.

...

पिठलं खाली लागायला लागलं. मी उठून शेगडी बंद केली. शार्दूलला त्याचा पत्ता नव्हता. तो नळाकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मी फ्लास्कपण विसळतो," तो हळूच म्हणाला. "मशीनमधून धुऊन आलेला. नळाखाली धरतो, एकदा फिरवतो, ओततो. मग त्यात भरतो."

"हं."

"दर वेळी करतो सर. पण ते लिहिलंच नाही. ते काम थोडंच आहे? भांडं घेतलं की विसळायचंच."

खरंच होतं ते. सरांना दिलेले दोन्ही पेलेही त्याने आधी विसळले होते, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आम्हाला कोणी ते शिकवल्याचं आठवत नाही. धुतलेलं भांडंही विसळल्याशिवाय घ्यायला आमचा हात धजावत नाही, एवढंच. मार्ताच्या घरी धुतलेलं म्हणजे धुतलेलं.

"मग रंग माझ्या जिवाणूचा नाहीच का? नळाच्या पाण्याचा आहे?" शार्दूलचा चेहरा उतरला. "की मशीनच्या साबणाचा अंश काचेला राहतो आणि तो तिचा रंग मारतो?"

"मला काय माहीत," सर म्हणाले आणि ताटं मांडायला लागले.

 मग शार्दूलने जे विचारलं, ते विचारताना तो आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हता.

"सर, मी मार्ताला आधीच विसळून ठेवलेले फ्लास्क दिले तर? कोणाला कळणारपण नाही. तिचा रंग येईल, पेपर जाईल. एवढ्या मोठ्या पेपरमध्ये 'भांडे विसळून घ्यावे' असं कसं लिहू? हसतील सगळे."

सरांनी त्याच्या ताटात पिठलं वाढलं. करपलेलं, तळाचं, कारण ते त्याला आवडतं.

"हसू दे की," ते म्हणाले. "हसले म्हणजे वाचलं."

त्या दिवशी शार्दूलने भाकरी मोडली, पण फारसा जेवला नाही.

सोमवारी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. हे मला नंतर मार्ताने सांगितलं, त्याने नाही. इंग्रिड मॅडम खरोखरच हसल्या, चांगल्या खळखळून. मग बाह्या सरसावून म्हणाल्या, दाखव बरं कसं विसळतोस ते. शार्दूलने नळाखाली फ्लास्क धरून, फिरवून, ओतून दाखवलं. अख्खी लॅब बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. पण दाखवलं त्याने.

कृतीत एक ओळ वाढली. मार्ताने काही फ्लास्क विसळून घेतले, काही तसेच ठेवले. शार्दूलला लॅबबाहेर थांबावं लागलं, नियम तो नियम. त्या दिवसांत तो बंदरावर उगाच फेऱ्या मारायचा आणि भेटेल त्याला जिवाणूंविषयी सांगायचा.

पुढच्या शनिवारी तो आला तो हसतच.

"आला सर! विसळलेले सगळे नारिंगी. बाकीचे दुधाळ."

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे हात थालीपिठाच्या पिठाने भरलेले होते, ते त्याच्या कोटाला लागलं. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. मला उगाच भरून आलं.

"पेपर मात्र थांबलाय," शार्दूल सांगत सुटला. "कारण पाणी की साबण ते आधी काढायचंय. मार्ता म्हणते साबण, मी म्हणतो पाणी. रोज भांडतो आम्ही. मॅडम म्हणतात, मूळ विषयापेक्षा हाच चांगला आहे. चालेल मला. उशीर झाला तर झाला."

हे शार्दूल बोलत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

त्याने थालीपिठाचा तुकडा तोडला, लोण्यात बुडवला आणि हातातच धरून ठेवला.

"फक्त एक गोष्ट कळत नाही सर."

"काय?"

"मार्तानं मी लिहिलं तसंच केलं. शब्दन् शब्द. मी स्वतः तिच्या नोंदी बघितल्या, कुठंच फरक नाही. पण तिचा रंग..." तो अडखळला. हसू ओसरलं होतं, पण राग नव्हता. "तिचा रंग माझ्यापेक्षा गडद आलाय. लई सुंदर आलाय. माझा तसा कधीच आला नाही."

सरांचा हात तव्यावर थांबला. त्यांनी शार्दूलकडे पाहिलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

...

"अरे, मग मार्ताला सोडून माझ्याकडे कशाला आलास?"