मामाकडे धाडलेली गाठोडी

डोंगरसुद्धा अजून वाढत होते, तेव्हाची गोष्ट. हिमनदीची धाकटी लेक, दुधाळी नदी, पहिल्यांदाच समुद्रमामाकडे निघाली. आईनं डोंगर घासघासून दगड, वाळू आणि पिठासारखा गाळ काढला, गाठोडी बांधली आणि बजावलं, "मामाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं."

दुधाळीला त्या ओझ्याची आणि आपल्या गढूळ रंगाची भारी लाज. आई दिसेनाशी होताच तिनं दगड पायथ्याशी टाकले, वाळू वळणावर सांडली, गाळ तळ्यात झटकला आणि नितळ होऊन ठुमकत मामाच्या दारी आली.

"आईनं काय धाडलंय गं?"

"काही नाही," ती खाली बघत म्हणाली.

मामानं तिला जवळ घेतलं, एक घोट चाखला आणि कपाळाला हात लावला. "मीठ! पाण्यातच विरघळवून दिलंय. तुझ्या सातही बहिणी अशाच सगळं टाकून आल्या. आई लेकींना पुरती ओळखते! पण माझं काय झालंय बघ, घोटभर पाणी प्यायला कुणी फिरकत नाही."

"मग नको म्हणून सांग ना, मामा."

"बहिणीनं धाडलेलं? आणि नको म्हणू?" मामा दचकलाच. इकडेतिकडे बघत त्यानं तेही मीठ निमूट पोटात घातलं.