म्हातारीची ओटी

“जाऊ की नको, एवढंच सांगा, माई.”

वैजयंताने हे दुसऱ्यांदा विचारलं. माई आपल्या वाती वळत राहिल्या.

गिरणेकाठच्या आमच्या मठात म्हणे लोक माईंना मोक्ष विचारायला येतात. मी इथं इतकी वर्षं भाकरी थापतेय, मोक्षवाला एक नाही बघितला. येतो तो घरचं दुखणं घेऊन येतो.

वैजयंताचं दुखणं गावाला ठाऊक होतं. नवस झाले, दवाखाने झाले. मूल काही झालं नाही. आणि उद्या पलीकडच्या गल्लीत धाकट्या जावेचं, पल्लवीचं डोहाळजेवण. पल्लवी गुणाची पोर. “ताई, पहिली ओटी तुम्हीच भरायची,” म्हणाली होती. सासूने ते ऐकून मान फिरवली.

“आजवरच्या डोहाळजेवणांना काय करायचीस?” माईंनी विचारलं.

“अडचण आहे, असा निरोप धाडायची.” ती खाली बघून बोलली. “महिनाभर ज्या दिवसाची धास्ती घेते ना माई, त्याचंच खोटं निमित्त...”

माझ्या हातातलं सूप थांबलं. मेली ही अडचण, काय वेळ आणते बाईवर!

“पण उद्या मी जाणार!” तिने एकदम मान वर केली. “हसत जाणार. डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. बघू देत सासूबाई. बघू देत सगळ्या.”

“मग मला कशाला विचारतेस?”

वैजयंताने बाजूची पिशवी मांडीवर ओढली.

माईंनी वाती बाजूला सारल्या.

“पिशवीत काय आहे?”

“ओटीचं सामान. खण, नारळ, तांदूळ.”

माई उठल्या, तिच्यासमोर पाटावर बसल्या आणि आपला भगवा पदर पसरला.

“भर.”

अगं बाई! माईंनी कोवळ्या वयात संन्यास घेतलेला. ना संसार, ना मूलबाळ. अशा बाईची ओटी कुणी भरतं का?

“तुमची?” वैजयंता चाचरली. “तुमची कशी भरू, माई?”

“का? माझी चालत नाही?”

वैजयंताचा चेहरा पडला. तिने खण ठेवला, नारळ ठेवला. तांदळाची पहिली ओंजळ नीट गेली. दुसरीतले चार दाणे पाटावर पडले. तिसरी निम्मी जमिनीवर सांडली, आणि तिचा बांध फुटला.

“मला हेवा वाटतो तिचा, माई! ती इतकी चांगली आहे, तरी वाटतो. लाज वाटते मला माझी...”

माईंच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती ढसाढसा रडली. मग दचकून मागे सरकली.

“ओटीवर रडले मी... अपशकुन केला.”

माईंनी पदर तसाच धरून ठेवला होता. एक दाणा झटकला नव्हता.

त्या म्हणाल्या, “उद्या अशी जाता आलं, तर जा.”

“अशी? रडत? भरल्या ओटीपुढं?”

“माझ्या ओटीला काय झालं?”

वैजयंता त्या पदराकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

“आणि उंबऱ्यातच पाय अडला तर?” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “नाहीच जमलं तर? घरी काय सांगू, माई? पुन्हा अडचण?”

माईंनी पदरातले तांदूळ माझ्या सुपात ओतले. खण-नारळ तिच्या पिशवीत परत ठेवला. मग रिकामा पदर सारखा करत म्हणाल्या,

“सांग, मठातल्या म्हातारीची ओटी भरायची राहिलीय.”