रुपयावरच्या तीन रेघा

फार वर्षांपूर्वी, घाटाखालच्या एका बाजाराच्या गावात राजाच्या टाकसाळीतून नवे चांदीचे रुपये आले. रुपयावर सूर्य होता आणि सूर्याखाली तीन बारीक रेघा.

त्या पहिल्यांदा दिसल्या आनसाकाकूंना. काकू पाडव्यासाठी साखरेच्या गाठी करून विकत. रुपया उन्हात धरून त्या म्हणाल्या, "अगं बाई, ओरखडे! कुणीतरी चांदी खरवडून घेतलीय."

झालं. त्या दिवसापासून सगळे त्या रेघांना ओरखडेच म्हणू लागले. आणि ओरखडा म्हटलं की धातू घासायची कानस आली. गावात कानस होती एकट्या बाळोबा तांबटाकडे.

"त्याच्याकडे हंडा देऊ नका हो, घागर होऊन परत येईल!" पारावर कुणी म्हणे आणि सगळे हसत. बाळोबा समोरून गेला की हसू थांबे आणि नजरा त्याच्या कमरेच्या पिशवीवर जात. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी जागा देईना.

"एकदा तोलून तरी बघा," बाळोबा कळवळून म्हणाला. "चांदी काढली असेल तर वजन घटेल."

"तराजू कुणाचा? तुझाच ना?" लोक म्हणाले.

शेवटी पाटलांनी सांगितलं, "बाजाराच्या दिवशी चावडीवर निकाल. दोष ठरला तर तांबटानं गाव सोडायचं."

बाजाराच्या दिवशी सकाळी आनसाकाकू गाठी ओतत होत्या. साच्यातून गाठी निघाली, तशी सून म्हणाली, "आत्याबाई, ही गाठी ओरखडली बघा."

"ओरखडली कुठं? हात लावून बघ, रेघ वर आलीय. काल जळकी साखर काढताना माझी सुरी साच्याला लागली. साच्यात खाच पडली की गाठीवर रेघ उठणारच."

एवढं बोलून काकूंनी हातातला साचा खाली ठेवला. त्यांनी कनवटीचा रुपया काढला आणि सूर्याखाली नख फिरवलं. नख खाली गेलं नाही, रेघेला अडलं. तिन्ही रेघा वर आलेल्या होत्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"माझं तोंड काळं झालं, दुसरं काय!" काकू म्हणाल्या. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सांगितलं तर सगळं गाव म्हणणार, आग लावली हिनंच. पण चावडीचा ढोल वाजला, तशा त्या चुलीवरचा पाक उतरवून तशाच निघाल्या.

चावडीवर बाळोबा हत्यारांचं गाठोडं बांधूनच आला होता.

"पाटील, आधी रुपयावर नख फिरवा," काकू धापा टाकत म्हणाल्या.

पाटलांनी नख फिरवलं. मग दुसऱ्याचा रुपया घेतला, तिसऱ्याचा घेतला. प्रत्येकावर रेघा त्याच जागी, तेवढ्याच लांब आणि वर आलेल्या.

"कानशीनं चांदी कमी होते, वर येत नाही," काकू म्हणाल्या. "टाकसाळीतल्या ठशालाच घासताना चरे पडले असणार. जो रुपया त्याखाली गेला, त्यावर रेघ उठली. बाळोबाचा यात काही संबंध नाही."

मागून कुणीतरी बोललं, "पण ओरखडे म्हणालं कोण? तुम्हीच ना?"

"मीच. नुसतं बघितलं आणि बोलले. हात लावला नाही."

पाटलांनी मान खाली घातली. "हात तर आमच्यापैकीही कुणी लावला नाही," ते म्हणाले आणि बाळोबाला गाठोडं सोडायला सांगितलं.

बाळोबानं गाठोडं सोडलं, पण काकूंशी तो बोलला नाही.

पुढचे तीन दिवस काकू घरोघर फिरल्या. ज्या ज्या दारात ओरखडा म्हटलं होतं, त्या त्या दारात रुपया पुढे करून "नख फिरवून बघा" म्हणाल्या. बहुतेकांनी बघितलं आणि ते ओशाळले. बाळोबाच्या दुकानात पुन्हा हंडे येऊ लागले. दोन घरांनी मात्र नख फिरवलं, मान डोलावली आणि दार लावता लावता म्हटलं, "तरीपण, काकू, कानस त्याच्याकडेच आहे."

तात्पर्य एवढंच: न तपासता एखाद्या गोष्टीला वाईट नाव देऊ नये. नाव द्यायला एक क्षण पुरतो. ते पुसायला दारोदार फिरलं, तरी काही दारांत ते तसंच राहतं.