आवळीचा पाय

पूर्वी, नगर नव्हते आणि त्यात राज्य करायला राजाही नव्हता, अशा काळी बोधिसत्त्व एका भटक्या टोळीचा म्होरक्या म्हणून जन्माला आला. हरणांचे कळप पुढे सरकले की टोळीही त्यांच्यामागे चालू लागे. तेव्हाची माणसे दोन पायांवर चालत, बोलत, भांडणात तर आपल्याही पुढे होती. पण अजून पुरती माणसात आली नव्हती.

टोळीची एक रीत होती. ज्याला चालवत नसे, त्याच्याजवळ भाजलेल्या कंदांची जुडी ठेवायची आणि मागे वळून न बघता निघून जायचे. त्यानंतर त्याचे नाव कोणी घेत नसे.

एकदा मध काढताना आवळी नावाची बाई कड्यावरून घसरली आणि तिची नडगी मोडली. हरणे तर निघालीही होती. खडक्या नावाचा शिकारी कंद घेऊन आला आणि तिच्याकडे न बघताच त्याने ते खाली ठेवले.

बोधिसत्त्व म्हणाला, "मी हिच्याजवळ थांबतो. तुम्ही पुढे व्हा."

खडक्या भडकला. "थांबलास तर तरस दोघांनाही खातील. माझ्या आईला मी असंच ठेवून आलो. तेव्हा कोण थांबलं होतं?"

"कोणी नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मीही नाही. ते मला अजून सलतं."

टोळी गेली. बोधिसत्त्वाने बांबूच्या कामट्या लावून सालीच्या दोरांनी तिचा पाय घट्ट बांधला. रोज तो कंद खणून आणी, तिला पाणी पाजी, विस्तव विझू देत नसे. आठ दिवस आवळी एकच म्हणत होती, "जा बाबा, माझ्यासाठी मरू नकोस." नवव्या दिवशी तिने कंद कच्चे राहिल्याची तक्रार केली, तेव्हा बोधिसत्त्वाला फार हायसे वाटले.

दोन पौर्णिमा उलटल्यावर ती काठी टेकत उभी राहिली. तिसरी उलटल्यावर दोघे नदीकाठी टोळीपाशी पोचले. माणसे भूत पाहिल्यासारखी मागे सरली. मग खडक्या पुढे आला, खाली बसला आणि त्याने तिच्या नडगीवरून हात फिरवला. हाड जुळले होते. जुळल्या जागी टेंगूळ लागत होते.

"म्हणजे जुळतं," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला. बऱ्याच वेळाने त्याने आईचे नाव घेतले. "चिंची." त्याला कोणी अडवले नाही.

त्यानंतर टोळीने कंदांची जुडी कोणासाठी ठेवली नाही. पुढच्या वर्षी एक म्हातारा पडला, तेव्हा त्याला उचलायला खडक्याच पहिला धावला. पडलो तरी आपली माणसे थांबतील, हे एकदा कळल्यावर बाया बेधडक उंच कड्यांवरचा मध आणू लागल्या, आणि म्हातारे निवांत बसून पोरांना दगड तासायला शिकवू लागले. माणूस माणसात येऊ लागला तो तिथून.

ही कथा शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षू सुमनकाला सांगत होते. वाटेत पाय मुरगळलेल्या वृद्ध भिक्षू वप्पिलाला मागे सोडून तो भोजनाच्या वेळेला बरोबर विहारात हजर झाला होता. शास्ते म्हणाले, "सुमनका, त्या वेळची आवळी म्हणजे आजचा वप्पिल. खडक्या तू होतास. टोळीचा म्होरक्या मी होतो. त्या जन्मी मी फक्त थांबलो. माझी करुणेची साधना ती एवढीच."

सुमनकाने वाढलेले पात्र बाजूला ठेवले आणि तो आल्या वाटेने धावत सुटला. ऊन कलायच्या आत वप्पिल त्याच्या पाठीवर बसून विहारात आला. जरा हळू चाल, म्हणून तो वाटभर कुरकुरत होता.